धवलेरी टोन

माझा दीर तुषार तळासरीपासून वाणगावपर्यंतच्या सगळ्या बँड पार्ट्यांत ओळखला जातो, आणि ज्या गोष्टीसाठी ओळखला जातो तिची मला किळस येते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की वहिनीला दिराचं चांगलं बघवत नाही. त्याचं कौतुक करणारी माणसं पुष्कळ आहेत. मी त्याच्या घरात राहते, त्याची भाकर मी थापते, आणि त्याने काय केलं ते मला माहीत आहे.

माणूस वाईट नाही, हीच खरी पंचाईत. वाईट असता तर दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. वय एकतीस, अंगाने काटकुळा, कुणी काम सांगितलं तर नाही म्हणता येत नाही. आश्रमशाळेत असताना तिथे एक पेटी होती. तिचे दोन सूर मेलेले होते. तुषार त्याच पेटीवर शिकला, त्यामुळे ते दोन सूर टाळून गाणं पुरं करायची त्याच्या बोटांना सवय लागली. आज त्याच्याकडे सगळे सूर चालणारा कीबोर्ड आहे, तरी बोटं त्या दोन पट्ट्यांवरून उडी मारतात. लोकांना वाटतं ती त्याची स्टाइल आहे.

बारावीनंतर तो उंबरगावला प्लॅस्टिकच्या कंपनीत पॅकिंगला लागला. माझा नवरा जीवन तिथेच आहे, अजूनही आहे. तुषार दोन वर्षांत कंटाळला आणि आमच्या पाड्याच्या ‘डोंगरराजा बीट्स’मध्ये शिरला. तिथे आधी बेंजो वाजवायचा, मग कीबोर्ड. आमच्याकडे कुठलाही कीबोर्ड असो, लोक त्याला कॅसिओच म्हणतात. पण तुषारने वापीहून जो जुना आणला तो साधा नव्हता. तो घरात आल्यापासून मला त्याच्यावर इतकी प्रवचनं ऐकावी लागली आहेत की मी माझ्या अंगणवाडीतल्या पोरांनाही शिकवू शकेन.

सांगतेच. या कीबोर्डात दोन तऱ्हांचे आवाज असतात. एक सॅम्पल. म्हणजे खराखुरा आवाज रेकॉर्ड करून त्याचा तुकडा आत भरायचा. पट्टी दाबली की तो तुकडा वाजतो. दुसरा आवाज यंत्र स्वतः तयार करतं. त्याला ऑसिलेटर म्हणतात. तो कुणाच्या गळ्यातून आलेला नसतो, कुठल्या लाकडातून आलेला नसतो. करवतीच्या दात्यांसारखी त्याची लाट असते, असं तुषार हवेत बोटाने काढून दाखवायचा. ऐकायला तो भुंग्यासारखा लागतो. मग फिल्टर नावाची खुंटी फिरवून तो मऊ करायचा, आणि तासभर पट्टी दाबून ठेवली तरी थकत नाही. सॅम्पल मात्र खरं असल्यामुळे संपतं. माणसाचा श्वास संपतो तसं. ते लांबवायला तोच तुकडा पुन्हा पुन्हा जोडला तर खोकणाऱ्या बैलासारखं हं-हं-हं ऐकू येतं.

“म्हणून वहिनी, दोन्ही एकत्र करायचे,” तुषार म्हणायचा. “पहिला अर्धा सेकंद खरा. तेवढ्यात कानाला पटतं की माणूस आहे. पुढं हळूच ऑसिलेटर सोडायचा. ऐकणाऱ्याला कधी बदललं ते कळतसुद्धा नाही.”

“म्हणजे फसवायचं,” मी म्हणायचे.

“फसवायचं नाय. टोन बनवायचा.”

टोन हा त्यांचा देव. बँडवाले एकमेकांकडून पेन ड्राइव्हमध्ये टोन घेतात, देतात, चोरतात. तारप्याचा टोन, सनईचा टोन, बेंजोचा टोन. कीबोर्ड आमच्या भाताच्या कणगीवर प्लॅस्टिक पांघरून असायचा. एकदा खुडूक कोंबडी त्यावर बसली आणि दुपारभर कुणीतरी बासरी वाजवतंय असं शेजारी म्हणत राहिले. तुषारने कोंबडीला हाकललं नाही. वायर काढायच्या आधी तो आवाज कोणता होता ते बघत बसला. असा माणूस.

आता सासूबद्दल सांगते, कारण तिच्याशिवाय ही गोष्ट नाही. जमना तिचं नाव. आमच्या बाजूच्या सात-आठ पाड्यांची ती धवलेरी. आमच्यात लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते. भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्याच्यासमोर बसून धवलेरी गाते आणि एकेका देवाला, डोंगराला, घरातून गेलेल्या वाडवडिलांना नाव घेऊन मांडवात बोलावते. गाणं पुढे सरकेल तसं लग्न पुढे सरकतं. मधे तुटलं तर पहिल्या नावापासून पुन्हा. आणि ते गाणं लग्नाशिवाय कुठेही गायचं नाही. सासूचं सरळ म्हणणं होतं की नाव घेतलं की देव येतो, आणि आलेल्याला उपाशी पाठवू नये. नवरा गेल्यावरही तिचा हा मान गेला नाही. आमच्या रीतींमधली ही मला आवडणारी गोष्ट.

तुषारच्या डोक्यात बसलं की आयेच्या आवाजाचा टोन करायचा. त्याने तिला विचारलं. मी चुलीपाशीच होते.

“आये, दोन ओळी म्हण. मोबाइलसमोर.”

“कोणाचा लगीन हाय?”

“कोणाचा नाय. नुसता आवाज पायजे.”

“मंग बोलावू कोणाला? तुझ्या डब्याला?”

विषय संपला. तिच्यासाठी संपला. तुषारसाठी नाही, कारण त्याच्या मोबाइलमध्ये तिचे आवाज आधीच होते. लग्नांतले व्हिडिओ, कुणाकुणाच्या मांडवातल्या क्लिपा, सगळं ‘आये’ नावाच्या एका फोल्डरमध्ये टाकलेलं. नावं नाहीत, नुसते आकडे. त्याच फोल्डरमध्ये एक क्लिप अशी होती जी तिथे नको होती.

माझे सासरे मोतीराम कावीळ होऊन गेले. मार्गशीर्षातली दुपार होती. आम्ही त्यांना ओटीवर आणून ठेवलं आणि सासूने हेल काढला. आमच्या बायका नुसत्या रडत नाहीत, गेलेल्या माणसाचं सगळं सांगत रडतात. तिने त्यांचं कोयतं सांगितलं, त्यांची विडी सांगितली, नदीतून मुलीला खांद्यावर आणलं ते सांगितलं, कुत्रं कसं त्यांच्याच पायाशी झोपायचं ते सांगितलं. प्रत्येक ओळीच्या आधी ‘आऽ’ असा एक सूर निघायचा, आणि त्या सुरावरच मला वाटायचं आता ही पुढचा श्वास घेणार नाही. अंगणात शंभरेक माणसं होती. एकही माणूस हलत नव्हता. माझी नणंद चंद्रिका सेलवासला दिलेली, ती वेळेवर पोहोचू शकत नव्हती. म्हणून तुषार मोबाइल धरून उभा होता, तिला पाठवायला. त्यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही. हल्ली सगळेच करतात.

टोन त्याने सासरे गेल्यावर वर्षाने बनवला. मी अंगणवाडीच्या प्रशिक्षणाला दहा दिवस पालघरला होते, तेव्हा. परत आले तर हा पेढे घेऊन दारात. डहाणू रोडच्या वाद्यांच्या दुकानदाराने टोन ऐकून त्याला चहा पाजला होता म्हणे. कीबोर्डाच्या यादीत नाव टाकलं होतं ‘धवलेरी’. पहिला अर्धा सेकंद आयेचा आवाज. पुढे दोन ऑसिलेटर, एक दुसऱ्याहून किंचित खाली लावलेला, त्यामुळे आवाज पाण्यासारखा हलायचा. खाली थोडा तारपा मिसळलेला. मी ऐकला तेव्हा तो ढोल आणि ऑक्टोपॅडबरोबर वाजवत होता. त्यातून कुणाचाच गळा ओळखू येत नव्हता. मी म्हटलं, चांगला आहे. हो, मी तसं म्हटलं.

पुढचा लग्नांचा हंगाम म्हणजे नुसता उबग. महिनाभरात तो टोन पन्नास कीबोर्डांत पोहोचला. बोर्डीच्या चिकूच्या वाड्यांतून संध्याकाळी तोच, वाणगावच्या बाजारात वरात अडली की तोच, हळदीला तोच. निवडणुकीच्या टेम्पोवर तोच. एका कपड्याच्या दुकानाच्या उद्घाटनालासुद्धा तो वाजला, बाहेर वाऱ्यावर नाचणारा फुग्याचा माणूस आणि आत धवलेरी. पोरं शर्ट काढून, तोंडात नोटा धरून त्याच्यावर लोळायची. बाटल्या, ओकाऱ्या, घामाचा वास, आणि मधून तो बाईचा सूर. लोक एकमेकांना सांगायचे, “ओरिजिनल हाय. खऱ्या धवलेरीचा.” ओरिजिनल हा शब्द ऐकला की माझ्या अंगावर काटा येऊ लागला. ज्यांच्या मांडवात खरी धवलेरी घसा फोडून गायची, ते तिला चहा विचारत नव्हते आणि तिच्या आवाजाच्या तुकड्यावर टाळ्या पिटत होते.

सासू मात्र या सगळ्याच्या बाहेर राहिली. तिचं काम संपलं की ती पदर खोचून घरी. बँड लागायच्या आत. “लाउडस्पीकर म्हणजे कानात माती,” असं म्हणायची. लांबून येणारा आवाज तिच्यासाठी फक्त गोंगाट होता. शिवाय त्यातली एक गोष्ट मला नंतर कळली. सॅम्पल ज्या सुरात घेतलं, त्याच पट्टीवर ते खरं लागतं. वरच्या पट्टीवर दाबलं तर पोरीसारखं किरकिरं होतं, खालच्या पट्टीवर म्हशीसारखं. बँडवाले त्यांच्या त्यांच्या पट्टीत वाजवायचे, म्हणून आयेचा गळा आयेसारखा कधी ऐकूच आला नाही.

दिवाळीच्या आधी तुषार घरात बसून कीबोर्ड पुसत होता. एकेक पट्टी फडक्याने पुसायची आणि वाजवून बघायची. टोन तोच लावलेला. ढोल नाही, काही नाही. मी तांदूळ निवडत होते. तो खालून वर येत होता. काळी चारवर त्याचं बोट आलं आणि माझ्या हातातलं सूप खाली पडलं.

ओटी दिसली मला. सासऱ्यांचे पाय दिसले. तो सूर त्या दुपारचा होता. पुढे ऑसिलेटर लागला, पण माझ्या डोक्यात तिचीच ओळ पुढे चालली, कोयत्याची.

“तुषारभाऊ, हा कुठून घेतला?”

“आयेचा. सांगितलेला की.”

“कुठल्या लग्नातला?”

त्याला आठवेना. मोबाइल काढला, फोल्डर उघडलं, क्लिप शोधली. मी त्याच्या खांद्यावरून बघत होते. तारीख त्याने दोनदा वाचली. मग उठला, बाहेर गेला आणि रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले. बराच वेळ धूत होता.

“वहिनी, मला कललं नाय,” आत येऊन म्हणाला. “बाकी सगल्या क्लिपांत ढोल होता, माणसं बोलत होती. हीच एक स्वच्छ होती. मागं कायच आवाज नव्हता.”

नव्हताच. माणूस मेला होता, म्हणून लोक गप्प होते. त्याने सगळ्या आवाजांतून सगळ्यात स्वच्छ आवाज निवडला आणि तो स्वच्छ का आहे हे एकदाही स्वतःला विचारलं नाही. कान एवढा तयार की कोंबडीने दाबलेला टोन ओळखेल, आणि आईचं रडणं ओळखलं नाही. मी त्याला काय वाटेल ते बोलले. त्याने ऐकून घेतलं. स्वतःच्या कीबोर्डातून टोन काढला. पण पन्नास कीबोर्डांतला कसा काढणार? आणि लोकांना सांगायचं म्हटलं तर काय सांगायचं? तुम्ही हंगामभर माझ्या बापाच्या मरणावर नाचलात, ते तर ठीकच; पण त्यांच्या मांडवात मरणाचा हेल वाजला, हे कळलं तर लोक काय करतील? लग्नघरात मरणाचं नावसुद्धा काढत नाहीत. एखाद्या घरात त्या हंगामानंतर पोर दगावलं असेल, सून आजारी पडली असेल, ते सगळं तुषारच्या दारात आलं असतं.

मग आम्ही दोघांनी काय केलं? मूग गिळून बसलो. ही माझी बाजू. ती मला लपवायची नाही. जीवनलाही सांगितलं नाही. सासूला कळू द्यायचं नाही, एवढंच ठरवलं. तिला कळलं तर ती पुन्हा कुठल्याच मांडवात गाणार नाही, अशी मला भीती वाटत होती. आणि माझ्या निलमचं लग्न ठरत आलं होतं.

निलम माझी एकुलती एक मुलगी. तिचं लग्न आजीने लावायचं, हे ती पाचवीत असल्यापासून ठरलेलं. नवरामुलगा नविन, सरावलीचा, सरळ पोरगा. बोलणी झाली तेव्हा मी एकच अट घातली. बँड हवा तेवढा आणा, पण रस्त्यावर. चौकासमोर कुठलंही वाद्य, कुठलाही कीबोर्ड नको. नविनच्या मामाने मान डोलावली. “तुमचं बरोबर हाय, चौकाचा मान हाय,” म्हणाला. मला बरं वाटलं. हुश्श केलं मी.

लग्नाच्या दिवशी सकाळी वरात आली. बँड त्यांचा, कीबोर्डवर पांड्या नावाचा मुलगा. पांड्याबद्दलही मला वाईट बोलता येत नाही, इतका गुणी. तुषारला गुरू मानायचा. आल्या आल्या त्याच्या पाया पडला. तुषारने त्याला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. तो टोन लावू नकोस, एवढंच. मी नंतर त्याला विचारलं, का नाही सांगितलंस? म्हणाला, “का, म्हणून विचारलं असतं त्यानं.”

अकराच्या सुमारास सासू चौकासमोर बसली. डोळे मिटले. निलम आणि नविन पिवळे झालेले, मुंडावळ्या बांधलेले, समोर. सवाशिणी तांदूळ घेऊन. गाणं सुरू झालं. सत्तरी जवळ आलेली बाई, दात चार, पण मांडवात बसली की आवाज जमिनीतून यायचा. पहिल्यांदा धरती, मग डोंगर, मग पाणी. एकेक नाव येत होतं आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरत होतं. डोंगर पार पडला, पाणी पार पडलं. मी मनात म्हटलं, निभावलं.

तेवढ्यात नविनचा मामा मांडवात आला, मागे पांड्या. पांड्याच्या गळ्यात कीबोर्ड, एका पोराच्या हातात बॅटरीवरचा छोटा स्पीकर. मामा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “व्हिडिओ करतोत. आजींच्या मागं हलू लावतो, भारी दिसेल. ढोल नाय, काय नाय. मान ठेवूनच.”

मी नको नको म्हणेपर्यंत पांड्याने खुंटी फिरवली. मी म्हटलं ना, गुणी पोरगा. त्याने आधी कान देऊन सासूचा सूर शोधला. दोन-तीन पट्ट्या हळूच चाचपल्या. तिची पट्टी तीच होती जी आयुष्यभर होती, गातानाही आणि रडतानाही. पांड्याचं बोट काळी चारवर आलं आणि तिथे थांबलं.

‘आऽऽ’.

सासू गाताना थांबली. डोळे उघडले. तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, मग निलमकडे, मग दाराकडे.

“कोण गेला?” तिने विचारलं.

पांड्याला वाटलं आजी ओळ विसरल्या. तिला आठवून द्यावी म्हणून त्याने पट्टी पुन्हा दाबली, जास्त वेळ. अर्धा सेकंद ती, आणि मग ते यंत्र, न थकता, लांबत गेलेलं.

सासूचा हात स्वतःच्या गळ्यावर गेला.

“ही मी हाय,” ती म्हणाली.

“हो आजी!” पांड्या खूश. “तुमचाच आवाज. ओरिजिनल. गुजरातपर्यंत वाजतो.”

“कवाचा?”

पांड्याला काय माहीत! तो तुषारकडे बघायला लागला. तुषार मांडवाच्या डांबाला टेकून उभा होता. मला वाटलं आता हा पळणार, नाहीतर खोटं बोलणार. खोटं सोपं होतं. कुठल्यातरी लग्नातला, म्हटलं असतं तर गाणं पुढे चाललं असतं, माझ्या मुलीचं लग्न लागलं असतं. त्या क्षणी त्याने खोटं बोलावं असं मला वाटलं. खरंच वाटलं.

“तुषार. कवाचा रं?”

“बा गेला तवाचा, आये.”

सवाशिणींपैकी एकीच्या हातातले तांदूळ सांडले. सरावलीच्या बायका उठून उभ्या राहिल्या. नविनच्या मामाचा चेहरा बघण्यासारखा झाला. ज्याने स्पीकर आत आणला तोच आता अपशकुन, अपशकुन करत सुटला. चला म्हणायला लागला. याला काय म्हणायचं? स्वतः दार उघडून साप आत घ्यायचा आणि घरमालकाला विचारायचं, साप कसा आला. निलम माझ्याकडे बघत होती. तिला अजून नीट कळलंही नव्हतं.

सासू उठली नाही.

“मला कललं नाय, आये,” तुषार म्हणत होता. “सगल्यांत तीच चांगली आली होती.”

“चांगली,” ती म्हणाली. तिने शब्द तोंडात घोळवला, खवट शेंगदाणा घोळवावा तसा. मग मामाकडे वळली. “बस खाली. लगीन मी लावतंय, तो डबा नाय लावत. मरण माझं हाय. तुझ्या अंगाला नाय चिकटत.”

मामा बसला. सासूने माझ्याकडून पाणी मागून घेतलं, चौकासमोरची जमीन स्वतः सारवून घेतली, सवाशिणींना नवे तांदूळ आणायला लावले. सारवलेली जमीन वाळेपर्यंत सगळा मांडव बसून राहिला. ऊन पार डोक्यावर आलं होतं. मग पहिल्या नावापासून पुन्हा. धरती, डोंगर, पाणी. वाडवडिलांची नावं आली तेव्हा तिने मोतीरामचं नाव घेतलं, इतरांसारखंच, ना कमी ना जास्त. गळा एकदाही हलला नाही. आम्ही सगळे रडत होतो, ती सोडून. दुपार कलली तेव्हा तिने शेवटचं नाव घेतलं आणि निलमचं लग्न लागलं.

लोक जेवायला उठले. पांड्या कीबोर्ड पिशवीत घालून रस्त्यावर जाऊन बसला होता, जेवायलाही येईना. त्या दिवशी वरात बँडशिवाय गेली.

तुषार आला आणि सासूच्या पायाशी बसला. ती चौकासमोरच बसून होती, पाणी पीत. मला वाटलं ती त्याच्या डोक्यावर हात ठेवेल. आया ठेवतात. मला ते नको होतं, खरं सांगते. त्याला इतकं सहज सुटता येऊ नये असं वाटत होतं, आणि त्याच्याबरोबर मलाही. तिने तांब्या खाली ठेवला.

“गाणा कं रडणा, तुला नाय कलला,” ती म्हणाली. रागाने नाही. एखाद्याला नीट दिसत नाही हे कळल्यावर म्हणतात तसं.

“नाय कलला, आये.”

“तर मंग मी मेल्यावर तू रडू नको. माझं काय सांगशील रडताना? तो डबा ओटीवर ठेव, आणि ती पट्टी दाब. लोकांना चांगली वाटते.”

तुषारला कुणाला नाही म्हणता येत नाही, आईला तर कधीच नाही.

“हो, आये,” तो म्हणाला.